कलिना की गणेशखिंड?

मुंबई इलाख्याचे इंग्रज गव्हर्नर पावसाळा मुंबईत काढत नसत. जून लागला की सरकारचं बिऱ्हाड घाट चढून पुण्याला जायचं. या पावसाळी मुक्कामासाठी सर बार्टल फ्रियर यांनी १८६०च्या दशकात गणेशखिंडीत एक भव्य निवासस्थान बांधायला घेतलं. २२ जून १८९७च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथेच झाला आणि तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्यानंतर हीच वास्तू पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. मुंबईचा पाऊस टाळण्यासाठी निवडलेल्या जागी आज हजारो विद्यार्थी शिकतात.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतल्या अनेक घरांत दरवर्षी निकालानंतर ‘कलिना की गणेशखिंड’ हाच प्रश्न येऊन ठेपतो. वझे-केळकर, झुनझुनवाला, भवन्स किंवा साठ्येमधून पदवी हातात आली. आता एमए, एमएस्सी घरी राहून मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये करायचं, की पुण्याला जाऊन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात? घरात चर्चा सुरू होते ती ‘नाव कुणाचं मोठं’ इथून, आणि बहुधा तिथेच अडकते. वास्तविक दोन्ही राज्याची सार्वजनिक विद्यापीठं आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ दोघांनाही लागू आहे. नेट-सेटला बसताना, पीएचडीला अर्ज करताना किंवा सरकारी नोकरीसाठी कागद पुढे करताना एकाची पदवी चालते आणि दुसऱ्याची चालत नाही, असं होत नाही. खरा फरक पडतो तो पुढच्या दोन वर्षांतला तुमचा एकेक दिवस कसा जाईल यात. तो दिवस घडवणाऱ्या गोष्टी दोन: तिथली हवा आणि तिथली रीत. दोन्ही नीट समजून घेतल्या तर निवड सोपी होते.

घाटाच्या अलीकडे, घाटाच्या पलीकडे

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे बाष्पाने जड झालेले असतात आणि मुंबई त्यांच्या थेट वाटेवर आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. एकट्या जुलैचा वाटा ८०० मिलिमीटरहून जास्त असतो. हेच वारे पुढे सह्याद्रीला भिडतात. समोर डोंगर उभा असल्याने हवेला वर चढावं लागतं. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर कोसळतं. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तो यामुळे. माथा ओलांडून पलीकडे उतरणारी हवा पुन्हा दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. लोणावळ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम ७०० ते ७५० मिलिमीटर येतो. मुंबई उपनगरात एका जुलैत जितका पाऊस पडतो, तितका पुण्यात अख्ख्या वर्षात पडत नाही.

पुणे पर्जन्यछायेत आहे हे आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. विद्यापीठ निवडताना त्याचा अर्थ असा होतो, की पुण्यातला जुलै बहुतेक दिवस भुरभुर पावसाचा आणि ढगाळ गारव्याचा असतो, तर कलिन्यातला जुलै आधी वर्गापर्यंत पोहोचता येईल का याचा विचार करायला लावतो. कलिना मिठी नदीच्या खोऱ्यात आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी साकीनाका, कुर्ला, कलिना असं करत माहीमच्या खाडीला मिळते. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही आणि ते आजूबाजूच्या सखल भागात साचतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात ७४च्या आसपास. शहराचा पाऊस वेगळा आणि उपनगराचा वेगळा, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं.

हवामानशास्त्राशी पुण्याचं नातं जुनं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. ते पुढे दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरची ती कचेरी अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. तिथून विद्यापीठ काही मिनिटांच्या अंतरावर आहे. वातावरणशास्त्रात पुढे जायचं असेल तर विद्यापीठाचा स्वतःचा वातावरण आणि अवकाशशास्त्र विभाग, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था आणि हे सिमला ऑफिस एकाच गावात सापडतं.

ऊन, घाम आणि परीक्षेची झोप

उपनगरात वाढलेल्या मुलाला वाटतं, की पुण्यात उन्हाळा कमी असतो. एप्रिलच्या दुपारी हा समज टिकत नाही. तेव्हा पुण्याचा पारा ३८ अंशांच्या आसपास असतो आणि काही दिवस चाळिशी गाठतो. सांताक्रूझला त्याच सुमारास ३३-३४ अंश असतात. तरीही जीव जास्त नकोसा होतो तो मुंबईत, कारण शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम सुकत नाही, अंगावर नुसता वाहत राहतो. पुण्याच्या कोरड्या हवेत तो जागच्या जागी सुकतो. त्याचा धोका वेगळा: शरीरातून किती पाणी गेलं ते कळत नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. पुण्यात उन्हाळ्यात पाण्याची बाटली जवळ बाळगायला जुने विद्यार्थी सांगतात ते याचसाठी.

अभ्यासाच्या दृष्टीने दुपारपेक्षा रात्र महत्त्वाची. समुद्राचं पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. ते किनाऱ्यावरच्या हवेला रात्रीही फारसं थंड होऊ देत नाही. मे महिन्यात मुंबईत पहाटेचं तापमान २७ अंशांच्या आसपासच राहतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात आकाश निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता झपाट्याने टाकून देते. एप्रिलमधली दुपार ३८ अंशांची असली तरी पहाट वीस-एकवीस अंशांची असते. दुसऱ्या आणि चौथ्या सत्राच्या परीक्षा ऐन उन्हाळ्यात येतात. रात्री शांत झोप लागणं आणि पहाटे चारला उठून वाचावंसं वाटणं यात हवेचा मोठा हात असतो.

हिवाळ्यात फरक आणखी ठळक होतो. जानेवारीत पुण्याचं सरासरी किमान तापमान अकरा-बारा अंश असतं, काही रात्री दहाच्या खाली जातात. सांताक्रूझला सोळा-सतरा. मुंबईकराकडे बहुधा एकच स्वेटर असतो, तोही माथेरानच्या सहलीसाठी घेतलेला. पुण्यात जाड पांघरूण, आंघोळीला गरम पाणी आणि फुटलेल्या टाचांसाठी मलम लागतं. खोली बघताना गिझर आहे का, असल्यास तो किती वेळ चालू ठेवतात, हे विचारायला संकोच करू नये. ज्याला दमा किंवा सर्दीचा त्रास आहे त्याने आपल्या डॉक्टरशी आधी बोलावं. कुणाला मुंबईची ओल आणि भिंतीवरची बुरशी बाधते, कुणाला पुण्याची कोरडी थंडी आणि धूळ.

प्रयोगशाळेलाही हवा लागते. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, पाणी शोषून घेणारी रसायनं बाटलीतच ओली होतात, पुस्तकांची पानं फुगतात. म्हणून तिथे उपकरणांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्याची शिस्त असावी लागते. पुण्यात हा त्रास पुष्कळ कमी.

दोन विद्यापीठं, दोन जन्म

कॅम्पसची संस्कृती मुलांच्या स्वभावावर ठरते असं आपण धरून चालतो. खरं तर ती बरीचशी संस्था कशी जन्मली यावर ठरते.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७चं. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास इथेही विद्यापीठं निघाली. तिन्हींचा नमुना तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा: शिकवायचं काम महाविद्यालयांनी करायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि १८८५चं फर्ग्युसन, दोन्ही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे नव्वदेक वर्षं पुण्याची मुलंही मुंबई विद्यापीठाचीच पदवी घेत होती. विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग नंतर आले. १९१९मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवला गेला, तो देशातल्या अगदी आरंभीच्या विभागांपैकी. फोर्टमधली राजाबाई टॉवरची वास्तू अपुरी पडू लागल्यावर हे विभाग हळूहळू कलिन्याला, विद्यानगरीत आले. कॅम्पस सव्वादोनशे एकरांहून मोठा आहे, पण भोवताली महानगर आहे. तिथले बहुतेक विद्यार्थी सकाळी घरून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. अनेकजण सोबत नोकरी किंवा शिकवण्या करतात. तास संपला की गर्दीच्या आधीची गाडी पकडायची घाई असते.

पुणे विद्यापीठ १९४९चं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. आरंभापासून हाताशी ४११ एकर जागा होती, झाडी होती, वसतिगृहं उभी करायला वाव होता. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण आणि परदेशांतूनही विद्यार्थी इथे राहायला येतात. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता कॅम्पसचा दुसरा दिवस सुरू होतो. जयकर ग्रंथालयाच्या अभ्यासिका भरतात, अनिकेत कॅन्टीनपाशी चहाबरोबर वाद रंगतात, स्पर्धा परीक्षांची मुलं झाडांखाली वह्या घेऊन बसतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून खर्च भागवणारी मुलं इथे पिढ्यान् पिढ्या शिकली आहेत. लातूरच्या, नंदुरबारच्या, चंद्रपूरच्या मुलाशेजारी दोन वर्षं राहिल्यावर उपनगरातल्या मुलाला महाराष्ट्र कळतो. हे शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि माझ्या मते ते पदवीइतकंच मोलाचं आहे.

कलिन्याच्या रीतीत मात्र एक वेगळं बळ आहे. तिथला विद्यार्थी शहरापासून कधी तुटत नाही. दुपारी वर्गात अर्थशास्त्र शिकणारी मुलगी संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलात काम करत असते. नाट्यशास्त्राचा विद्यार्थी रात्री विलेपार्ल्याच्या दीनानाथला, मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात प्रयोग बघतो, कधी त्यात कामही करतो. स्वतःच्या पायावर उभं राहून शिकण्याची सवय इथे लवकर लागते.

तासांचा हिशेब

आता कागद घ्या. मुलुंडच्या विद्यार्थ्याला धिम्या गाडीने कुर्ला गाठायचं, पश्चिमेला उतरून बस किंवा शेअर रिक्षा पकडायची. घाटकोपरचा मार्ग तोच, फक्त स्टेशनं कमी. बोरिवलीकराची जलद गाडी सांताक्रूझला थांबत नाही. तो अंधेरीला गाडी बदलतो किंवा धिम्यानेच येतो आणि पूर्वेला उतरून पुढची रिक्षा शोधतो. अंधेरीकर सगळ्यांत सुखी, मधे फक्त विलेपार्ले.

मुलुंडच्या घरापासून वर्गापर्यंत सव्वा तास धरा. जाऊन-येऊन अडीच तास, पाच दिवसांचे साडेबारा. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर १८७ तास. एका चांगल्या पाठ्यपुस्तकाचा कसून अभ्यास होईल इतका हा वेळ आहे. काही मुलं गाडीत उभ्याने वाचतात हे खरं, पण कुर्ल्याच्या पुलावर कुणी वाचत नाही.

पुण्याच्या बाजूलाही हिशेब मांडायला हवा. वसतिगृह मिळेलच असं नाही. जागा मर्यादित आणि मागणी मोठी. बाहेर औंध, खडकी, शिवाजीनगरकडे कॉट बेसिसवर राहावं लागलं तर भाडं, अनामत रक्कम, मेस किंवा डबा, बसचा पास हे सगळं येतं. कपडे धुणं, पाणी भरणं, आजारी पडल्यावर स्वतःच डॉक्टर गाठणं यात वेळ जातो. तरीही कॅम्पसजवळ राहणाऱ्याचा प्रवास वाचतो आणि संध्याकाळ मोकळी मिळते. कॅम्पसपासून लांब, स्वस्त म्हणून कुठेतरी खोली घेतली आणि रोज तासभर बस बदलत आलं, तर पुण्याला जाण्याचा अर्धा फायदा संपतो. म्हणून पुणे निवडायचं तर विद्यापीठाच्या जवळच राहायचं, ही अट स्वतःला घालून घ्यावी.

पैशाची अडचण असलेल्या कुटुंबांनी सरकारी योजना आधी तपासाव्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. निकष, मुदत आणि लागणारे दाखले यांची चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कचेरीत वेळ लागतो आणि तेवढ्यावरून हक्काचा पैसा हुकतो.

विषय जिथे राहतो तिथे जावं

हवा आणि रीत यांच्याही आधी एक कसोटी आहे: तुमच्या विषयाचं घर कुठे आहे?

इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि समाजशास्त्रासाठी मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या विभागात गेल्या. १९२८मध्ये तिथून एमए करून पुढे त्या बर्लिनला गेल्या आणि नंतर डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभराचं काम केलं. पुण्यात राहणाऱ्या मुलीने मुंबई निवडली, कारण तिचा विषय तेव्हा मुंबईत होता. जयंत नारळीकर यांची वाट उलटी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी १९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिच्या वास्तूचा आराखडा मुंबईच्या चार्ल्स कोरिया यांचा. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे असलेल्या तिथल्या अंगणात एमएस्सीच्या विद्यार्थ्याला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांशी बोलता येतं. शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर.

म्हणून खगोलशास्त्र, हवामान, पेशीविज्ञान, पुरातत्त्व, संस्कृत, भाषाशास्त्र यांकडे ओढा असेल तर पुण्याचं पारडं जड आहे. भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेजही तिथेच आहेत. अर्थशास्त्र, वित्त, मुंबईचा सामाजिक इतिहास, माध्यमं आणि व्यावसायिक रंगभूमी यांसाठी मुंबईला तोड नाही. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, राज्य पुराभिलेखागार आणि गोरेगावची चित्रनगरी लोकलच्या अंतरावर आहेत. मूलभूत विज्ञानासाठी कलिन्यातच अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने २००७मध्ये सुरू झालेलं केंद्र आहे, ते उपनगरातल्या कितीतरी पालकांना माहीतही नसतं. नाटकासाठी दोन्हीकडे सोय आहे: कलिन्यात नाट्यकला अकादमी, पुण्यात ललित कला केंद्र. पहिल्याची ओढ व्यावसायिक रंगभूमीच्या शहराकडे, दुसऱ्यात गुरुकुलासारखं एकत्र राहून शिकणं.

मुलींचा प्रश्न

एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. मुलगा पुण्याला जाऊ म्हणतो तेव्हा घरात खर्चाची चर्चा होते. मुलगी म्हणते तेव्हा ‘घराजवळ विद्यापीठ असताना कशाला?’ असं विचारलं जातं. प्रवासाचे अडीच तास तिलाही लागतात, पण ती घरी आल्यावर पोळ्या असतात, धाकट्या भावाचा अभ्यास असतो, पाहुणे असतात. कुणी मुद्दाम छळत नाही. घराची घडीच तशी असते. वसतिगृहातल्या मुलीला संध्याकाळी सहा ते दहा हे चार तास स्वतःचे मिळतात. अनेक जणींच्या आयुष्यात असे तास पहिल्यांदा आणि शेवटचे मिळतात ते इथेच. मुंबईहून पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर आहे. ठाण्याहून इंद्रायणी पकडली तर ती शिवाजीनगरला उतरू शकते, बोरिवलीहून शिवनेरी आहे, शनिवारी-रविवारी घरी येणं सहज जमतं. सुरक्षिततेची काळजी असेल तर आईवडिलांनी मुलीबरोबर जाऊन वसतिगृह बघावं, तिथल्या मुलींशी बोलावं. काळजी करावी, पण तिच्या नावाखाली निर्णय परस्पर घेऊ नये.

ठरवण्याआधी

दोन्ही कॅम्पस बघायला पावसाळ्यातच जा, आणि तेही कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळेला. कलिन्याला तुमच्या नेहमीच्या घरच्या वाटेने जा आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. पुण्याला गेलात तर संध्याकाळी सातपर्यंत थांबा. ग्रंथालयात बसून बघा. दोन्ही ठिकाणी तुमच्या विभागात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारा: शिक्षक पूर्ण आहेत का, प्रात्यक्षिकं वेळेवर होतात का, निकाल किती दिवसांत लागतो? माहितीपुस्तिकेपेक्षा ही उत्तरं जास्त कामाची असतात.

मग क्रम लावा. विषयाचा विभाग एकीकडे स्पष्टपणे सरस असेल तर तिकडेच जा. हवा आणि प्रवास सोसता येतात, कमकुवत विभाग सोसत नाही. घरी कमाईची गरज असेल, नोकरी सोडणं शक्य नसेल, आईवडिलांच्या आजारपणात तुमचा हात लागत असेल, तर कलिना निवडा आणि ती निवड दुय्यम मानू नका. अनेकांनी असंच शिकून मोठी कामं केली आहेत. पण विभाग तुल्यबळ असतील, घरची परिस्थिती परवानगी देत असेल आणि वीस-एकवीस वर्षं एकाच उपनगरात, एकाच स्टेशनाच्या आधाराने गेली असतील, तर माझा कौल पुण्याला आहे. वेगळ्या हवेत, वेगळ्या माणसांत, स्वतःच्या हाताने दिवस आखून दोन वर्षं शिकण्याची संधी पुढे नोकरी लागल्यावर सहसा मिळत नाही. घरच्यांनी माहिती द्यावी, पैशाची मर्यादा मोकळेपणाने सांगावी आणि शेवटचा शब्द ज्याला शिकायचं आहे त्याचा राहू द्यावा.